दिशाची दहा वाक्यं

पंचवटी, नाशिक
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

प्रिय रंगनाथ,

तू, सुवर्णा आणि घरचे सगळे खुशाल असाल. आम्ही इथे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीभर दुखत होता, ऊन वाढल्यापासून जरा बरा आहे. सिंहस्थाच्या कामासाठी आमच्या गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा खणला, त्यामुळे रिक्षा दारापर्यंत येत नाही. तुझा द्राक्षांचा शेवटचा तोडा गेल्या आठवड्यात झाला आणि माल पिंपळगावला चांगला गेला असं कळलं. बरं वाटलं.

ताजी बातमी आधी द्यायची ही माझी जुनी सवय, म्हणून तीच देतो. दिशाला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं नर्सची नोकरी देऊ केली आहे. काल दुपारी सव्वातीनला मेल आला. तो मी स्वतः वाचला, आणि तिचा अर्ज ज्या एजन्सीतून गेला तिथल्या स्नेहल मॅडमनी फोनवर दुजोरा दिला. तिनं सही करून उत्तर पाठवायची मुदत सोमवार, २ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

यातलं बरंचसं तिनं तुला काल फोनवर सांगितलंय आणि तू "रविवारी ये, मग बोलू" म्हणालास, हेही मला माहीत आहे. तेव्हा तुझ्यासाठी ही बातमी शिळी. पण तिच्यातली एक ओळ तुला कोणी सांगितलेली नाही. दिशा ज्या इंग्रजीच्या परीक्षेत पास झाली, त्या परीक्षेचा अभ्यास तिनं माझ्याकडे केला. कॉलेज रोडच्या कुठल्या क्लासमध्ये नाही. तेरा महिने ती आठवड्यातून तीन दिवस माझ्यासमोर बसत होती.

इथं तू पत्र खाली ठेवशील. ठेव. पण फाडू नकोस, सुवर्णाला पुढचं वाचू दे. माझं नाव दिसलं की तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो आहे. दिशाचीही तीच अट होती. "टाइप करायचं नाही. तुमच्या हातानं लिहा. आणि तुमच्या वाट्याचं मी बाबांना सांगणार नाही, ते तुम्हीच सांगा." पोरगी तुझ्यावर गेली आहे.

पेपरातून निवृत्त झाल्यापासून मी इंग्रजीचा एक वर्ग चालवतो. दिंडोरी नाक्याजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, संध्याकाळी सहा ते साडेसात. मोठा क्लास नाही. तीन-चार नर्स, हॉटेलच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या दोघी, पिंपळगावच्या एका पॅकहाउसचा सुपरवायझर हर्षल. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एक मुलगी दारात आली. अंगावर ड्यूटीचा ड्रेस, हातात टिफिनची पिशवी.

"सर, बॅचमध्ये जागा आहे का?"

मी वही ओढून नाव विचारलं.

"दिशा रंगनाथ डेर्ले."

मी पेन खाली ठेवलं. आईच्या वेळी स्मशानघाटावर तिला लांबून पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. तेव्हा ती ओढणी तोंडाशी धरून उभी होती. चेहरा आईचा, उभं राहण्याची ढब तुझी.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. आणि वर्गात मी तुम्हाला सरच म्हणणार. काका नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"ते तुमच्यावर आहे," म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. मी नाही कळवलं. स्वतःला म्हटलं, तिची परीक्षा आहे, तिचं ती सांगेल. खरं तर सांगितलं की ती यायची बंद होईल अशी मला भीती वाटत होती.

ती हुशार आहे हे तुला मी सांगायला नको. ऐकणं, वाचणं, बोलणं हे भाग ती पहिल्याच वेळी पास झाली. लिहिण्यात अडकली. त्या परीक्षेत नर्सला एका रुग्णाबद्दल पत्र लिहावं लागतं, दुसऱ्या डॉक्टरला किंवा दुसऱ्या नर्सला. काय झालंय, काय चाललंय आणि काय व्हायचंय, हे त्या पत्रातून स्वच्छ कळलं पाहिजे. नाही कळलं तर औषध दोनदा जातं नाहीतर जातच नाही. दिशाचा घोळ नेमका तिथे होता. तिचाच कशाला, सगळ्या वर्गाचा होता. "व्हेन द डॉक्टर विल कम, आय विल गिव्ह द इंजेक्शन." दोन्हीकडे विल. त्यांच्या हिशेबानं दोन्ही गोष्टी पुढच्या आहेत, मग दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत तसं चालत नाही. व्हेन लागलं की त्याच्यापुढचं वर्तमानात लिहायचं. "व्हेन द डॉक्टर कम्स."

"पण सर, डॉक्टर अजून आलेच नाहीत," सगळ्यांचं एकच म्हणणं.

मी विचारलं, घरी तुम्ही काय म्हणता? 'डॉक्टर आले की इंजेक्शन देते.' आले! भूतकाळ. डॉक्टर अजून घरी चहा पीत बसलेत आणि तुम्ही त्यांना आणूनसुद्धा ठेवलंत. मराठीत आपण पुढची गोष्ट झालेली धरतो, इंग्रजीवाले ती होते आहे असं धरतात. एवढाच फरक.

हर्षल म्हणाला, "म्हणजे इंग्रजीत डॉक्टर येतच राहतात आणि मराठीत येऊन गेलेले असतात. आमच्याकडे कंटेनरचं पण तसंच हाय सर. साहेब फोनवर सांगतो, 'गाडी निघाली,' आणि गाडी अजून गेटात उभी."

वर्ग हसला. दिशाही हसली, पण तिनं लगेच विचारलं, "सर, ती झालेली धरली आणि नंतर झालीच नाही तर?"

मी म्हणालो, वाट बघण्यापुरतंच धरायचं असतं. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती विद्यार्थ्याची नव्हती.

त्या दिवशी घरचा अभ्यास दिला. व्हेन, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज, अन्टिल. प्रत्येकाची दोन, अशी दहा वाक्यं, आणि स्वतःबद्दलची. पुस्तकातली उतरवायची नाहीत. दिशाचा कागद माझ्याकडे आहे. तुला तिची दहापैकी काही वाक्यं मराठीत सांगतो. ती तिनं परीक्षेसाठी लिहिलीत, तुला दाखवायला नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेव.

मी घरी जाते तेव्हा बाबा पाय धुवायला पाणी आणून ठेवतात.

आजी वारली तेव्हा मी पेपर लिहीत होते.

आयर्लंडला जायच्या आधी मी आईला मोबाइलवरून व्हिडिओ कॉल कसा करायचा ते शिकवीन.

बाबांना सांगेन, पण द्राक्षं उतरल्यानंतर, कारण त्याआधी त्यांना झोप नसते.

आणि शेवटचं अन्टिलचं. तिथे ती चुकली होती. आपण म्हणतो, 'जोपर्यंत बाबा हो म्हणत नाहीत तोपर्यंत मी जाणार नाही.' मधला तो 'नाही' ती इंग्रजीतही घेऊन गेली. इथली सगळी मुलं तेच करतात. मी लाल पेननं तिथला 'डझन्ट' खोडला आणि वर बरोबर वाक्य लिहिलं. 'आय विल नॉट गो अन्टिल बाबा सेज येस.' कागद परत दिला. तिनं वाचला, घडी घालून माझ्याच वहीत ठेवला, म्हणाली, "बरोबर झालं का आता?"

"वाक्य बरोबर झालं."

"मग तेच आहे."

त्या वेळी ते मी मनावर घेतलं नाही. शिकणारी मुलं वाक्यात काहीही लिहितात. काल मेल आल्यावर मी म्हणालो, चल, आत्ताच सही कर, प्रिंट मी काढून आणतो. तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "बाबा हो म्हटल्याशिवाय नाही. आणि क्लास कुठे केला ते न सांगता घेतलेला होकार मला नको. खोटं सांगून मला विमानात बसायचं नाही."

मी म्हणालो, "नोकरीला तो नाही म्हणणार नाही."

"नोकरीला नाहीच म्हणणार. तुमचं नाव निघालं की गप्प होतील. बाबा गप्प झाले की आमच्या घरात कोणी जेवत नाही. तुम्हाला काय माहीत."

तेव्हा आता मुद्दा एवढाच आहे, रंगनाथ. सोमवारी पाचपर्यंत तू हो म्हटलं नाहीस तर ती सही करणार नाही, आणि तेरा महिने वाया जातील. त्यात तुझं-माझं भांडण मध्ये येऊ नये म्हणून हे पत्र. राग माझ्यावर आहे, तो रविवारच्या आधी इथेच काढून मोकळा हो. तिच्या ताटात नको.

इथवर लिहून उठलो होतो. तुझ्या वहिनीनं वाचलं आणि म्हणाली, "आणि मेन गोष्ट? ती कोण लिहिणार?" म्हणून परत बसलो.

काल दिशाशी बोलताना मी नेहमीचं बोललो होतो. म्हटलं, "तुझे बाबा अजून त्या बातमीवरून चिडलेत. सात वर्षं झाली. ती ऑपरेटरची चूक होती, मी किती वेळा सांगितलं."

ती म्हणाली, "सर, बाबा त्यावरून चिडलेत असं तुम्हाला खरंच वाटतं?"

आणि तिनं पर्समधून एक कात्रण काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. माझ्याकडेही ते नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा क्रमानं लिहितो, कारण मी ते आजवर कोणापुढेच क्रमानं मांडलेलं नाही. २०१८चा डिसेंबर. आईला न्यूमोनिया झाला म्हणून तू तिला नाशिकला आणलंस. बुधवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, रात्र निघणं अवघड आहे, तयारी ठेवा. तू तिच्या पायाशी बसून राहिलास. मी ऑफिसला गेलो. ग्रामीणचं पान माझ्याकडे होतं, ते पावणेनऊला छपाईला सोडायचं असायचं. आणि मी आईची निधनवार्ता लिहिली. आमच्याकडे अशा तयार ठेवायची पद्धत असते, मोठ्या माणसांच्या. आपल्या आईची एक दिवस उशिरा लागली तर लोक काय म्हणतील, असं मला वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तेच वाटलं.

ती पानात गेली कशी, याबद्दल मी सगळ्यांना सांगितलं की पान जुळवणाऱ्या ऑपरेटर गोरक्षनं तयार मजकूर बघून चुकून लावली. त्याला लेखी समज मिळाली. ते खोटं होतं. पान मीच लावलं आणि मीच सोडलं. डॉक्टरांचा शब्द मी झालेला धरला. आई पहाटे सावरली, तोवर गाड्या पेपर घेऊन निफाडच्या पुढे गेल्या होत्या.

पुढचं तू आणि सुवर्णानं भोगलं. सकाळी सातला अंगणात सत्तर माणसं. भाऊबंदांच्या घरांत चूल पेटली नाही. घाटावर लाकडं पोचली. तुझ्या फोनवर एकामागून एक, "कधी आणताय?" आणि तू हॉस्पिटलात आईला चमच्यानं पाणी पाजत होतास. चांदवडची बयाबाई मावशी जीपमधून उतरल्या उतरल्या हंबरडा फोडून अंगणात लोळली, आणि सुवर्णानं कानात सांगितल्यावर उठून बसून म्हणाली, "मेली नाय? मग मी चांदवडपासून रडत आले ते फुकट का?" हे सुवर्णानं तुझ्या वहिनीला नंतर सांगितलं होतं, तेव्हा दोघी हसल्या होत्या. त्या दोघींचं बोलणं तेव्हा अजून चालू होतं.

मी वॉर्डाबाहेर आलो तर तू फक्त "दादा, तू जा इथून" एवढंच म्हणालास. मी गोरक्षचं नाव सांगत राहिलो. तू ऐकलं नाहीस, आत गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही. मला वाटलं, जिवंत आईला मारल्याचा राग आहे. आज ना उद्या जाईल. आई पुढे चौदा महिने जगली, लोक म्हणायचे, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. मीसुद्धा त्यावर टेकून बसलो.

दिशानं काल जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. बातमीनंतर तिसऱ्या दिवशी आईनं तिला तो पेपर वाचून दाखवायला सांगितलं. दिशा तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, आजीजवळ बसायला आली होती. तिनं वाचलं. 'सायखेडा : येथील सरुबाई गोटीराम डेर्ले (वय ७९) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. ज्येष्ठ पत्रकार किशोर डेर्ले यांच्या त्या मातोश्री होत.'

आई इतकी हसली म्हणे, की नाकातली नळी निघाली. "वृद्धापकाळाने! न्यूमोनिया झालाय मला. पेपरात हाय आन् एवढं धड लिहिता येत नाय याला." मग म्हणाली, "परत वाच."

दिशानं परत वाचलं.

"रंग्याचं नाव कुठं हाय?"

"दोन मुलगे लिहिलंय ना आजी."

"दोन मुलगे तर हायेच. नाव कुठं हाय? रोज माझी कूस बदलतो त्याचं?"

दिशा म्हणाली, बाबा तेव्हा दारात उभे होते, थर्मास घेऊन. त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि जिना उतरून गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

सात वर्षं मी भलत्याच चुकीची माफी मागत होतो, रंगनाथ. आणि तीही दुसऱ्याच्या नावावर.

आता ज्याबद्दल मी इतकी पानं टाळाटाळ केली ते लिहितो. पहिल्या मसुद्यात तुझं नाव होतं. 'किशोर डेर्ले व रंगनाथ डेर्ले यांच्या त्या मातोश्री होत.' ते मी कापलं. काल दिशाला मी म्हणणार होतो की जागा नव्हती, पान भरलं होतं, बातमी खालून कापायची असते. तोंडातून शब्द निघेपर्यंत माझ्या हातात कात्रण होतं, आणि तिनं ते जरा मोठं कापलं आहे. आईच्या बातमीखाली दोन ओळींचा मजकूर आहे, 'पाणी जपून वापरा.' पान भरायला आम्ही असलं काहीतरी टाकायचो. ते मीच टाकलं होतं. म्हणजे जागा होती.

मग का कापलं? चाळीस वर्षं मी नावं कापत आलो. वाचक ज्याला ओळखतात ते ठेवायचं, बाकीची काढायची. त्या संध्याकाळी मी तोच नियम लावला. मला वाटलं, तुला कोण ओळखतं. आणि 'ज्येष्ठ' हा शब्दही माझ्याबद्दल मीच लिहिला. आई शेवटचे श्वास घेते आहे असं समजून मी हे करत होतो. यापेक्षा बरं काही कारण मी बरंच शोधलं, सापडलं नाही.

आणि तुला कोण ओळखत होतं? आईला चार वर्षं आंघोळ घालणारा, तिचे केस विंचरून देणारा, तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करणारा तू. मी महिन्यातून एकदा रविवारी येऊन फळं ठेवून जाणारा. तुला ओळखणारं माणूस एकच होतं, आई, आणि तिनं तुझं नाव विचारलं.

ती गेली तेव्हा तू पेपरला काही कळवलं नाहीस. गावातूनच कोणीतरी मला फोन केला, मी घाटावर आलो तेव्हा तू अग्नी दिला होतास. आईला अग्नी धाकट्यानंच द्यायचा, ते तुझंच होतं. मला तेव्हा वाटलं की तू मला मुद्दाम डावललंस. आता वाटतं, डावलणं म्हणजे काय ते तुला माझ्याकडूनच कळलं होतं.

आज सकाळी मी गोरक्षच्या घरी जाऊन आलो. अशोकनगरला राहतो, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडून परत येत होता. त्याला जिन्यातच सांगितलं की तुझ्यावर आलेली ती चूक माझी होती. तो म्हणाला, "साहेब, मला माहीत होतं. पान सोडताना मी मागेच उभा होतो. तुमची आई आजारी, म्हणून बोललो नाही." चहा पाजला.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. करू नकोस म्हणण्याचा मोठेपणाही नाही. पण ही गोष्ट दिशाच्या नोकरीशी जोडू नकोस, एवढं मागतो. ती माझ्याकडे का आली हे मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "क्लास तर कुठेही मिळाला असता. तुम्ही कसे आहात ते मला बघायचं होतं. आजीनं शेवटपर्यंत तुमचा राग केला नाही, मग मी न बघता का करू?" आणि लगेच, "पण बाबांचा राग बरोबर आहे हां." ती तुझ्या बाजूनं आली होती, रंगनाथ. तेरा महिने ती तुझ्याच बाजूला बसली होती.

तिला परदेशात धाडणं तुला जड जाईल. जायलाच पाहिजे. परीक्षेच्या तोंडावर तिनं वर्गात एक सराव-पत्र लिहिलं, एका म्हाताऱ्या बाईला हॉस्पिटलमधून घरी पाठवतानाचं, घरच्यांसाठी सूचना. कूस किती वेळानं बदलायची, पाणी कसं पाजायचं, गिळताना हनुवटी खाली ठेवायची. एकही काळ चुकला नव्हता. मी विचारलं, हे इतकं बारीक कुठे शिकलीस, हॉस्पिटलात? म्हणाली, "घरी. बाबांचं बघून." तिकडच्या हॉस्पिटलला माहीत नसेल, पण त्यांनी जी नोकरी दिली आहे ती अर्धी तुझ्या हातांना दिली आहे.

आता पुढे काय होणार ते. पत्र आजच स्पीडपोस्टानं टाकतो, शुक्रवारपर्यंत मिळावं. दिशाची शनिवारी नाइट आहे. रविवारी सकाळी ती ड्यूटीवरून सुटून थेट सायखेड्याची बस धरेल, दहा-साडेदहाला घरी पोचेल. झोप झालेली नसेल, आधी खायला द्या. मी तिच्याबरोबर येत नाही, तिनं बोलावलं तरी येणार नाही. तू बोलावलंस तर वेगळं, पण त्याची वाट बघतोय असं समजू नकोस. बघत असलो तरी ते माझं मी बघेन. ऑफरचा कागद तिच्याजवळ असेल, तीन पानं आहेत, सही तिसऱ्यावर. ती तो लगेच काढणार नाही. तुमचं जेवण होईल, सुवर्णा ताटं उचलेल, मग ती विचारेल की बाबा, काकांचं पत्र आलं का. तू काय उत्तर देशील ते मला इथून दिसत नाही. सोमवारी पाच वाजता ती मला फोन करून हो किंवा नाही एवढंच सांगणार आहे.

मोठ्यानं धाकट्याला पत्राखाली आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे. तो द्यायचा अधिकार मला आज वाटत नाही. आईचं सगळं तू केलंस. तुला नमस्कार करतो.

किशोर